ज्यांच्यावर लिहिले गेले, त्यांनी वाचायचे कुठे?

१२ मे १८७५ रोजी सुपे गावात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हाती लागतील तिथे जाळल्या गेल्या. सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी खास कायदा झाला. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात सुप्याचे नाव आहे, त्यामुळे देशभरातली मुले ते वाचतात.

आता बारामतीच्या किंवा इंदापूरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीने याच घटनेवर प्रकल्प घ्यायचे ठरवले, तर पुढे बहुधा काय घडते ते आपल्याला ठाऊक आहे. ती मोबाइलवर ‘दख्खनचे दंगे’ असे लिहून शोधते. समोर येतात त्या स्पर्धा परीक्षांच्या तयारीच्या नोट्स: कारणे, तारीख, परिणाम, कायदा. एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी जवळपास तसाच. ती तो उतरवते, मुखपृष्ठ करते, स्पायरल बाइंडिंग करून जमा करते. तिला गुणही मिळतात. पण एक गोष्ट तिला कधीच कळत नाही. तिने जी ‘कारणे’ उतरवली, त्यांच्यावर गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे.

हा वाद साधा नाही. सरकारी समितीने दोष मुख्यतः सावकारीवर ठेवला, सारावाढीमुळे दंगे झाले असे मानले नाही. पण त्याच चौकशीत असलेल्या ऑकलंड कोल्विन या अधिकाऱ्याने वेगळे टिपण लिहून महसुलाच्या फेरआकारणीवर बोट ठेवले. १९६८ मध्ये रवींदर कुमार यांनी एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारतावरच्या आपल्या ग्रंथात दाखवायचा प्रयत्न केला की, नवी महसूलपद्धती आणि नवी न्यायालये यांनी गावातले कुणबी आणि वाणी यांच्यातले जुने संतुलन कसे मोडले. त्यानंतर चारच वर्षांनी नील चार्ल्सवर्थ यांनी ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात लेख लिहून या दंग्यांचे महत्त्वच फुगवले गेले आहे, असे म्हटले. त्यांनी लेखाच्या शीर्षकातच ‘मिथक’ हा शब्द वापरला.

त्या मुलीच्या पणजोबांचे पणजोबा कदाचित त्या दिवशी सुप्यात असतील. केंब्रिजच्या नियतकालिकात कोणीतरी म्हणतो की, त्या दिवसाला आपण उगाच मोठे केले. तिला हे मान्य आहे का? नसेल तर ती कोणता पुरावा मांडेल? अभ्यासाची सुरुवात इथून होते. माझे म्हणणे एवढेच आहे की, महाविद्यालयीन संशोधनात ऑनलाइन संदर्भ शोधणे म्हणजे माहिती गोळा करणे नव्हे. आपल्याबद्दल जगात चाललेल्या वादात दाखल होणे, हा त्याचा खरा अर्थ आहे. आणि बारामती-इंदापूरच्या मुलांना त्या वादात दाखल होण्याचा हक्क इतरांपेक्षा तसूभरही कमी नाही.

इंदापूरची गोष्ट तर याहून ठळक आहे. पेशवाईनंतर इंग्रजांनी पुणे भागात जमीन मोजून सारा ठरवायला घेतला, तेव्हा रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धांत हिशेबात आणला. त्याची आकारणी शेतकऱ्याला पेलेना, शेते ओस पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ च्या सुमारास नव्याने मोजणी आणि आकारणी सुरू केली, ती इंदापूर तालुक्यातून. तीस वर्षांची ती जमाबंदी पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया ठरली. मुदत संपल्यावर, १८६७ मध्ये, फेरआकारणीही पहिल्यांदा इंदापुरातच झाली आणि सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव तोवर खाली आले होते. सुप्याचा वणवा आठ वर्षांनी पेटला. या दोन्हींचा संबंध किती, हाच तर वादाचा गाभा आहे. एरिक स्टोक्स यांनी १९५९ मध्ये इंग्लंडमधील उपयुक्ततावादी विचारवंत आणि भारत यांच्यावर ग्रंथ लिहिला, त्यात प्रिंगलची आणि विंगेटची ही कहाणी सविस्तर येते. उपयुक्ततावादी विचारवंत मिल आणि अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांच्या विचारांची परीक्षा या दख्खनच्या जिरायत रानांत झाली. इंदापूरच्या अर्थशास्त्राच्या वर्गात रिकार्डो शिकवला जातो. त्याच्या सिद्धांताची पडताळणी दाराशी झाली होती, हे त्या वर्गाला कळायला हवे.

यातले किती घरबसल्या मिळते? अनेकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरचा अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. तो इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण वाचता येतो. इंदापूरच्या मोजणीची हकिगत त्यात आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपल्या ग्रंथालयातील जुन्या दुर्मीळ पुस्तकांचे आणि सरकारी अहवालांचे स्कॅन करून धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाच्या डिजिटल ग्रंथालयात सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यात जमाबंदीचे अहवाल आहेत, सिंचनाचे आहेत, दुष्काळाचे आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आहे. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आहेत. देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले, त्यातून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने हे भांडार उभे केले. नीरा डाव्या कालव्यावर, उजनीच्या विस्थापितांवर किंवा सहकारी साखर कारखान्यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने इथे एकदा तरी शोध घेतल्याशिवाय पहिले पान लिहू नये. प्रबंधाच्या निष्कर्षापेक्षा त्याची संदर्भसूची अधिक मोलाची असते, हेही त्याला सांगितले पाहिजे. कोणीतरी पाच वर्षे खपून केलेली ती यादी त्याला पाच मिनिटांत मिळते.

पण भांडार खुले असून भागत नाही, शोधण्याची रीत शिकावी लागते. जुन्या कागदांत पुणे ‘पूना’ आहे, सुपे ‘सुपा’ आहे, सावकार ‘सौकार’ आहे आणि इंदापूरचे रोमन लिपीतले हिज्जे शेवटी दोन ‘ओ’ घालून केलेले आहेत. आजच्या हिज्ज्यांनी शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि तो समजतो की, आपल्या भागावर कोणी लिहिलेच नाही. बारामतीची एकोणिसाव्या शतकातली माहिती हवी तर ‘भीमथडी’ शोधावे लागते, हे शिक्षकाने सांगितले नाही तर मुलाला कसे कळावे? तसेच गुगल स्कॉलरचे. २००४ पासून ते सर्वांना मोफत आहे, पण आपल्याकडे अनेक पदवीधरांनी ते कधी उघडलेले नसते. एक चांगला लेख सापडला की, त्याच्या तळटीपा आपल्याला मागे नेतात आणि त्याच्याखालची ‘साइटेड बाय’ ही कडी पुढे नेते. चार्ल्सवर्थचा लेख घेतला तर तळटीपांतून समितीच्या अहवालापर्यंत जाता येते आणि त्या कडीवरून चार्ल्सवर्थला नंतर कोणी उत्तर दिले तेही कळते. वाद असा वाचायचा असतो. लेख पैशांच्या कुलपात असेल तर ‘ऑल व्हर्जन्स’ पाहावे, लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत अनेकदा सापडते. जेस्टोरवर मोफत वैयक्तिक खाते काढले तर महिन्याला १०० पर्यंत लेख पडद्यावर वाचता येतात. सगळी नियतकालिके त्यात नसतात, पण बरीच असतात. आणि काहीच जमले नाही तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल लिहावा. बहुतेक अभ्यासकांना आपला लेख कोणी वाचतो आहे याचा आनंद असतो.

मराठीतून शोधणाऱ्याची वाट याहून बिकट आहे आणि त्याचा दोष त्या विद्यार्थ्याचा नाही. कवी मोरोपंत बारामतीत राहिले, तिथेच त्यांनी आपले प्रचंड काव्य रचले. त्यांच्यावर एम.ए.चा प्रबंध लिहिणाऱ्याला जुनी पुस्तके स्कॅन केलेल्या स्वरूपात मिळतात, पण ती पानांची छायाचित्रे असतात, आत शब्द शोधता येत नाही. अलीकडच्या मराठी पीडीएफची अडचण वेगळी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाला ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग वाटते. शोधयंत्राच्या लेखी तो प्रबंध अस्तित्वातच नसतो. शोधगंगेवरील मराठी प्रबंधांची शीर्षके रोमन लिपीत ज्याच्या त्याच्या मनासारखी लिहिलेली असतात. विश्वकोशाने आपले खंड युनिकोडमध्ये आणून नेटवर मोफत ठेवले, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अनेक ग्रंथ खुले केले, हे फार मोठे काम झाले. पण मराठीत गेली साठ-सत्तर वर्षे गंभीर लेखन छापणाऱ्या नियतकालिकांचे जुने अंक एका ठिकाणी, शोधता येतील असे, मिळाले पाहिजेत. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा उपयोग सोहळ्यांपेक्षा या कामासाठी व्हावा, असे मला मनापासून वाटते. ज्ञानाची भाषा व्हायचे तर त्या भाषेतले ज्ञान आधी सापडले पाहिजे.

सापडले तरी पुढचा प्रश्न उरतो. विश्वास कोणावर ठेवायचा? या बाबतीत आपल्या विद्यापीठाचाच अनुभव डोळे उघडणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. त्यातली विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली नियतकालिके सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आलेल्या त्यांच्या लेखानुसार, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके सुमार दर्जाची असण्याची शक्यता होती. कुठे संपादकांची नावे नव्हती, कुठे पत्ता खोटा, कुठे नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक चुकीचा. यानंतर पुणे विद्यापीठाच्याच मदतीने ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवली. आता कोणतीही यादी आपल्याला वाचवणार नाही. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारे नियतकालिक कसे ओळखायचे, हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही आले पाहिजे, कारण गुगलच्या निकालात ते केंब्रिजच्या नियतकालिकाच्या शेजारीच दिसते.

त्यात आता संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. ती क्षणात दहा संदर्भ देते, लेखक, वर्ष, पृष्ठक्रमांक यांसह, आणि त्यातले काही जगात अस्तित्वातच नसतात. तिचा उपयोग करू नये असे मी म्हणत नाही. अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला, शोधाचे पर्यायी शब्द सुचवायला ती चांगली आहे. पण तिने सांगितलेला संदर्भ जोवर आपण स्वतः उघडून वाचला नाही, तोवर तो संदर्भ नव्हे, अफवा आहे. बातमी आणि संशोधन यांतला फरकही इथेच शिकवायचा. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टमध्ये उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याच्या प्रयोगाबद्दल बातम्या आणि चित्रफिती भरपूर आहेत. शेतीच्या विद्यार्थ्याने त्या जरूर पाहाव्यात. मग विचारावे की, किती शेतांवर, किती हंगाम, तुलना कोणत्या शेताशी, आणि हे आकडे तज्ज्ञांनी तपासून कुठे छापले आहेत. असा प्रश्न विचारणे हा प्रयोगाचा अवमान नाही. चांगल्या प्रयोगाला असे प्रश्न हवेच असतात.

आता हक्काचा मुद्दा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधक. योजना चांगली आहे, तिचे स्वागतच करायला हवे. पण सुरुवातीला ती कोणासाठी? केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. माळेगाव खुर्दची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था या व्याख्येत बसते, बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बसते. मात्र आपल्या ग्रामीण भागातली बहुसंख्य कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. शिक्षकांचे पगार शासन देते, व्यवस्थापन संस्थेचे असते. आणि या फरकामुळे तिथला विद्यार्थी व्याख्येबाहेर राहतो. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की, टेलच्या शेतकऱ्याला काय वाटते ते इंदापूरकरांना वेगळे सांगायला नको. ज्ञानाच्या पाटाचीही गत तीच झाली आहे. अशा महाविद्यालयांसाठी २०१० पासून ‘एन-लिस्ट’ ही स्वस्त योजना आहे, पण महाविद्यालयाने सदस्य व्हावे लागते, विद्यार्थ्याला ग्रंथपालाकडून लॉगिन घ्यावे लागते, आणि असे काही असते हे विद्यार्थ्याला कोणीतरी सांगावे लागते. ६,००० कोटी जनतेचे आहेत. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर, एका फाटकाच्या आत तेरा हजार नियतकालिके उघडी आणि दुसऱ्या फाटकाच्या आत बंद, याला धोरण म्हणता येत नाही. अनुदानित महाविद्यालयांना या योजनेत विनाविलंब घेतले पाहिजे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, ‘आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही, हे लेख त्यांना काय कळणार?’ हे म्हणताना आपण आपल्याच मुलांना कमी लेखतो. ज्याने सातबारा, फेरफार आणि कारखान्याच्या उसाच्या बिलातल्या कपाती समजून घेतल्या आहेत, तो सारावाढीचे कोष्टक वाचू शकतो. वाक्य अडले तर शिक्षक आहे, शब्दकोश आहे, आता यंत्रानुवादही आहे. विषय अनोळखी असेल तर भाषा जड वाटते. इथे विषय त्याच्या शिवाराचा आहे. कालवा, बागायत, हुंडी, पाळीपत्रक हे शब्द त्याला परदेशी अभ्यासकापेक्षा चांगले कळतात. मॅकगिल विद्यापीठाच्या डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी नीरा खोऱ्यातल्या ऊसशेतीवर आणि साखर कारखानदारीवर वर्षानुवर्षे काम करून १९९२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या एखाद्या विधानाबद्दल ‘हे असे नाही’ असे आधारासह सांगण्याची ताकद इथल्याच मुलामुलींकडे आहे.

दुसरा आक्षेप असा की, ‘पदवीच्या मुलांना एवढे कशाला?’ नव्या शैक्षणिक धोरणाने या आक्षेपाचा आधारच काढून घेतला आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात आता फील्ड प्रोजेक्ट आहे, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स आहे. संशोधनाचे श्रेयांक द्यायचे आणि संशोधनाची साधने द्यायची नाहीत, हे विद्यार्थ्याला नकलेकडे ढकलणे आहे. नक्कल पकडणारे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी मूळ स्रोतापर्यंत जाण्याची वाट दाखवली पाहिजे. ज्याला वाट दिसली, त्याला नक्कल करावीशी वाटत नाही, कारण मूळ कागदातली गोष्ट नोट्सपेक्षा फार रंजक असते.

काय करता येईल? मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या आधी ग्रंथपालांचे चार तास वेळापत्रकात धरावेत, आणि तो वेळ शिकवण्याचा मानला जावा. ग्रंथपालाची रिकामी पदे भरावीत. ग्रंथपालाशिवाय लॉगिन म्हणजे नुसता कागदावरचा पासवर्ड. प्रकल्पाचे गुण देताना निष्कर्षाला जेवढे, तेवढेच शोधाच्या नोंदवहीला द्यावेत: कोणते शब्द वापरले, काय सापडले, काय नाकारले आणि का. मार्गदर्शकाने निदान एक अट घालावी की, ज्यांचे मत एकमेकांशी जुळत नाही असे दोन लेखक वाचल्याशिवाय प्रकल्प स्वीकारला जाणार नाही. शिक्षणासाठी पुस्तकातले उतारे छायाप्रतींतून देणे कायद्याला मान्य आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याचा आधार शिक्षकांनी घ्यावा.

आणि एक काम तालुक्याने मिळून करावे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांवर आजवर जे जे लिहिले गेले, मोजणीचे अहवाल, दंग्यांवरचे लेख, कालव्यांचे, उजनीच्या पुनर्वसनाचे, भिगवणच्या पक्ष्यांचे, मोरोपंतांचे, उसाचे आणि क्षारपड जमिनीचे अभ्यास, त्या सर्वांची एक खुली संदर्भसूची महाविद्यालयांनी एकत्र येऊन तयार करावी. मराठीत, युनिकोडमध्ये, प्रत्येक नोंदीला दोन ओळींचा परिचय आणि जिथे वाचता येते तिथली कडी. दर वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यात भर घालावी आणि आपले चांगले प्रकल्पही तिच्यात ठेवावेत. काही वर्षांत अशी वेळ येईल की, नीरा खोऱ्यावर लिहू पाहणाऱ्या परदेशातल्या अभ्यासकाला या सूचीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तिच्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याचे म्हणणे खोडताना त्याचे नाव तळटीपेत घ्यावे लागेल. दोनशे वर्षे या तालुक्यांतली माणसे दुसऱ्यांच्या संशोधनाचा विषय राहिली. आता त्यांनी त्या संशोधनातला पक्ष व्हावे, आणि त्यासाठी लागणारी वाचनाची वाट उघडून देणे हे शिक्षकांचे, संस्थांचे आणि सरकारचे कर्तव्य आहे.